आधी करार, मग परवाना: शिवेवरच्या नगरपालिका आणि पंचायतींना खुले पत्र

सन्माननीय नगराध्यक्ष, नगरसेवक, सरपंच आणि पंच सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गोव्यात ज्या ज्या नगरपालिकेची हद्द संपते तिथे लगेच पंचायतीची सुरू होते, आणि आजकाल नव्या वसाहती नेमक्या त्याच पट्ट्यात उभ्या राहतात. शहर हाकेच्या अंतरावर, जमीन त्या मानाने स्वस्त, परवाना पंचायतीचा. हे पत्र अशा प्रत्येक शिवेच्या दोन्ही बाजूंच्या पदाधिकाऱ्यांना आहे. माझ्या शहराचं आणि गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं तर दोन माणसांची चर्चा होईल, कोण कुठल्या पक्षाचा ते निघेल, आणि बाकीचे सगळे अलगद सुटतील. वाचणारा आपापलं गाव ओळखेलच.

माझं घर पंचायतीत आहे. समोरचा रस्ता ओलांडला की पालिका. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने मलनिस्सारण वाहिनी गेलेली आहे. तिच्या चेंबरची झाकणं आमच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीत, बसून दिसतात. घराच्या मागे चढ आहे, आणि त्या चढावर काही वर्षांपूर्वी एक वसाहत झाली. पार्किंग, लिफ्ट, पोहण्याचा तलाव, सगळं आहे. वाहिनीची जोडणी तेवढी नाही. पालिकेत विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमचा भाग आमच्याकडे येत नाही." पंचायतीत विचारलं तर, "वाहिनी आमची नाही." वाहिनी ज्यांच्या ताब्यात आहे त्या कचेरीत गेलो तर, "स्थानिक संस्थेकडून प्रस्ताव येऊ द्या, मग बघू." तिघेही आपापल्या परीने खरं बोलत होते. म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना एकत्र लिहितो आहे.

आमच्या परसातली विहीर आजोबांच्या वेळची. चवथीचा नैवेद्य त्याच पाण्यावर व्हायचा, नळ आल्यानंतरही. मागच्या पावसाळ्यात पाण्याला वास यायला लागला, तेव्हा तपासून घेतलं. अहवालात ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जंतू, निघाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू एकही चालत नाही. त्या दिवसापासून विहिरीचं पाणी झाडांना. उताराच्या खालच्या अंगाच्या आणखी काही घरांत हीच स्थिती आहे, पण घर विकायचं असलेला माणूस असं उघड बोलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा राग वर राहायला आलेल्या माणसांवर नाही. "बाहेरच्यांनी येऊन गाव घाण केलं" ही ओरड मी ग्रामसभेत ऐकतो आणि ती मला पटत नाही. माझा सख्खा भाचा अशाच एका वसाहतीत राहतो. आयुष्यभराचं कर्ज काढून त्याने फ्लॅट घेतला. आता त्याच्या सोसायटीच्या देखभालखर्चात मैला उपसणाऱ्या टँकरचं बिल महिन्याला लागतं, आणि पावसाळ्यात तळमजल्यावरच्या संडासात पाणी उलटं वर येतं. घर घेताना त्याने पाणी किती वाजता येतं ते विचारलं, वीज विचारली. गेलेलं पाणी कुठे जातं हे विचारायचं कुणाच्याही डोक्यात येत नाही, आणि यायची गरजही नसावी. ते बघण्यासाठीच परवाना देणारी संस्था असते.

आता थोडा हिशेब. मी आयुष्यभर आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं, त्यामुळे हा हिशेब मला झोपेतही येतो. वाहिनीची सोय असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. शंभर फ्लॅटची वसाहत, घरटी चार माणसं धरा. रोजचं पाणी ५४,००० लिटर, आणि सांडपाणी ४३,२०० लिटर. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर हे सगळं उचलायला दिवसाला जवळजवळ नऊ फेऱ्या लागतील. नऊ फेऱ्या कुणीच मारत नाही. टँकर येतो तो टाकीत साचलेला गाळ काढायला. बाकीचं पाणी रोज सोक पिटात, म्हणजे शोषखड्ड्यात जातं, आणि तिथून जमिनीत.

आणि जमीन कसली? जांभ्याची. आपली निम्मी घरं ज्या चिऱ्यांची आहेत तोच दगड खाली पसरलेला आहे, भोकाभोकांचा, भेगाभेगांचा. त्यातून पाणी गाळून जात नाही, वाट काढून जातं. उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, अशा प्रदेशात जुलैत विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर आलेलं असतं. तेव्हा सोक पिट जिरवणार कुठे? खाली आधीच पाणी आहे. मग वरचं पाणी आडवं सरकतं आणि खालच्या परसात, शेतात, झरीत उतरतं. एकेकट्या घराचा, चार-पाच माणसांचा सोक पिट आपल्या गावांनी वर्षानुवर्षं पचवला, कारण घरं विरळ होती आणि मध्ये भाटं, म्हणजे बागायती होत्या. तीच पद्धत शंभर फ्लॅटना लावणं म्हणजे अंगणातल्या चुलीवर लग्नाचा स्वयंपाक करायला घेण्यासारखं आहे.

बांधकामाच्या नकाशावर सेप्टिक टँक म्हणजे कोपऱ्यातला एक चौकोन आणि सोक पिट म्हणजे त्याच्या शेजारचं एक वर्तुळ. सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडलेली जागा मोजतात, उंची मोजतात, एफएआर, म्हणजे भूखंडाच्या मानाने बांधकाम किती, ते तर दशांशापर्यंत तपासतात. त्या वर्तुळावर बोट ठेवून "ही जमीन एवढं पाणी पिईल का, जिरण्याची चाचणी केली का?" असं विचारणारा अधिकारी क्वचितच भेटायचा. वर्तुळ काढलं की काम झालं.

इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली कागदांची. नगरनियोजन खातं तांत्रिक मंजुरी देतं. आरोग्य केंद्र ना हरकत दाखला देतं. पंचायत परवाना देते. नंतर पूर्णत्वाचा दाखला, मग राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला. प्रत्येक कागदावर शिक्का आहे, आणि प्रत्येक शिक्क्यामागे गृहीतक असं की सांडपाण्याचं दुसऱ्या कुणीतरी पाहिलं असेल. परवाना देणाऱ्या पंचायतीकडे वाहिनी नाही. वाहिनी टाकणाऱ्या यंत्रणेला परवान्याची खबर नाही. शेजारच्या पालिकेला तर काही कळवायचंच नसतं, वसाहत तिच्या वाहिनीपासून दगडफेकीच्या अंतरावर असली तरी. २००१ साली मलनिस्सारण महामंडळ झालं, २००८ साली विधानसभेने मलनिस्सारणासाठी वेगळा कायदा केला, आणि तरी नव्या वसाहतीबद्दल दोन शेजारी संस्थांनी एका टेबलाशी बसावं अशी रीत काही पडली नाही.

दुसरी तक्रार हद्दीची. आपण ज्या रेषेवर बोट ठेवून "आमचं नाही" म्हणता, ती रेषा पाण्याला माहीत नाही. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात आपल्या एवढ्याशा राज्याचे ११ पट्टे होते. साळ नदीचा पट्टा खारेबांदपासून मोबोरपर्यंत: सुरुवात मडगावात, आणि भोगणार कोण, तर नावेलीपासून असोळणे-केळशीपर्यंतची गावं, तिथले मासे मारणारे, तिसऱ्यो, म्हणजे शिंपल्या काढणाऱ्या बायका. इथे शहराचं गावाच्या अंगणात जातं. पणजीत उलटं आहे. सांतिनेजची खाडी ताळगावच्या बाजूने येते, शहरातून फिरते आणि कांपालजवळ मांडवीला मिळते. गावाचं शहराच्या अंगणात.

त्याच यादीत खांडेपार नदीचा पट्टा आहे, फोंडा ते ओपा. ओपा हे नाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिथल्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांना पाणी जातं, राजधानी पणजीलाही. पोर्तुगीज काळापासून जातं आहे. म्हणजे फोंड्याच्या बाजूला एखाद्या उतारावर कुठली वसाहत सांडपाणी कुठे सोडते, हा पणजीत मिरामारला राहणाऱ्या माणसाच्या पेल्याचाही प्रश्न आहे. प्रकल्पात पाणी शुद्ध होतं, मान्य. म्हणून आपण ते आधी घाण करून द्यावं असा अर्थ होत नाही.

तिसरी. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिथे सांडपाण्याबद्दल प्रश्न विचारले जातात. त्याच्या आत राहिलं की सुटका. आपल्या शिवेवरचे बहुतेक प्रकल्प या आकड्याच्या आतले. एकेक पाहिला तर लहान. एका डोंगरावर पाच-सहा झाले की मिळून एक छोटं गाव होतं. पण मिळून कुणी पाहतच नाही.

चौथी, वसाहतीच्या स्वतःच्या सांडपाणी प्रकल्पांची. माहितीपत्रकात तो झळकतो. बिल्डर हात झटकून निघाला की वीजबिल आणि चालवणारा माणूस, दोन्ही सोसायटीच्या गळ्यात. सहा महिन्यांत यंत्र बंद. इतकंच.

पाचवी टँकरची, आणि ही मला सर्वांत जास्त खुपते. मैल्याचा टँकर भरून निघाला की तो कुठे रिकामा होतो याची नोंद कोण ठेवतं? प्रक्रिया प्रकल्पात गेला तर तिथे पावती व्हायला हवी. मी माझ्या भाच्याच्या सोसायटीत त्या पावत्या मागितल्या; फक्त उपशाची बिलं निघाली. रात्री ओहोळाच्या पुलावर थांबलेला टँकर गावातल्या पुष्कळांनी पाहिलेला आहे. आणि टाकीत उतरणारा माणूस? २०१३ च्या कायद्याने सुरक्षेची साधनं दिल्याशिवाय कुणालाही असं उतरवायला बंदी आहे. तो बहुधा परराज्यातला असतो, त्याची नोंद पंचायतीत नसते, आणि त्याच्या जिवाची हमी देणारा कागद कुणाकडेच नसतो.

हे सगळं आपल्याला ठाऊक नाही असं मी म्हणत नाही. मग दोन शेजारी बसून करार का करत नाहीत? मी दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोललो आहे, आणि दोघांची भीती खोटी नाही.

पालिकेला वाटतं, शहराच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची क्षमता आपल्या लोकांसाठी. गावाला दिली तर उद्या आपल्याच नव्या इमारतींना कमी पडेल. शिवाय घरपट्टी पंचायतीला जाणार आणि तुंबलेल्या चेंबरसाठी फोन पालिकेला येणार. मात्र या म्हणण्याला आकड्यांचा आधार दाखवायला हवा. वाहिनी दारात येऊनही जोडणी न घेतलेली घरं आपल्या शहरांत आजही आहेत, आणि प्रकल्पांकडे पुरेसं सांडपाणी पोचत नाही ही तक्रार जुनी आहे. एकीकडे प्रकल्प अर्धपोटी, दुसरीकडे रस्त्यापलीकडच्या वसाहतीला "जागा नाही" हे उत्तर. रोज किती येतं आणि किती मावतं, हे दोन आकडे फलकावर लिहा, मग बोलू.

पंचायतीची भीती वेगळी आणि जास्त खोल. आज वाहिनी घेतली की उद्या गाव पालिकेत ओढतील. कर वाढेल, ग्रामसभा जाईल, आणि जी काही जमीन अजून वाचली आहे तिच्यावर आणखी मजले चढतील. "वाहिनी आली की बिल्डर आले" असं आमच्याकडचे एक ज्येष्ठ पंच उघड म्हणतात. त्यांना माझं उत्तर असं, की बिल्डर वाहिनीविनाही आलेच आहेत. वाहिनी नाही म्हणून एकही परवाना अडला, असं मला आठवत नाही. अडवायचं असेल तर ते जमिनीचा झोन, म्हणजे वापराचा प्रकार, बदलताना अडवा, तिथे मी आपल्यासोबत उभा राहीन. मैला जमिनीत मुरू देऊन कुणी गाव राखत नाही.

सीमा ओलांडून सेवा देणं आपल्याला नवीनही नाही. २०१६ पासून साळगावच्या प्रकल्पात बार्देशातल्या कितीतरी गावांचा कचरा जातो. साळगावकरांनी त्याला विरोध केला होता, आणि आपल्या गावाने इतरांचा भार का घ्यावा हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यातून शिकण्यासारखं हेच, की जो प्रकल्प अंगावर घेतो त्याला काय मिळणार हे आधी लिहून ठेवावं लागतं, नंतर तोंडी समजूत घालून भागत नाही.

पैशाचं म्हणाल तर तो मुळात नाहीच असं नाही. २००९ च्या कायद्याने बांधकामावर पायाभूत सुविधा कर लागतो. चौरस मीटरच्या हिशेबाने बिल्डर तो भरतो आणि अर्थातच फ्लॅटच्या किमतीत वसूल करतो. म्हणजे माझ्या भाच्याने पायाभूत सुविधेचे पैसे दिले आहेत. सुविधा कुठे आहे? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांच्याशीच बांधलेला होता. त्यात मुख्य वाहिनी होणार नाही हे मला कळतं. जोडवाहिनीचा आराखडा आणि सर्वेक्षण तर झालं असतं.

माझी मागणी साधी आहे: आधी करार, मग परवाना. शिवेपासून ठरावीक अंतरात येणाऱ्या वसाहतींसाठी पालिका, पंचायत आणि वाहिनी ज्यांच्या ताब्यात आहे ती यंत्रणा, अशा तिघांनी लेखी करार करावा. त्यात भाषणं नकोत, पुढच्या गोष्टी हव्यात.

प्रकल्पातली किती क्षमता, रोज किती लिटर, शेजारच्या गावासाठी राखली, आणि ती कुठल्या वसाहतीला दिली याची उघड नोंद. क्षमता संपली की परवाने थांबले. त्याला अपवाद नाही, मंत्र्यांचा फोन आला तरी.

मुख्य वाहिनीपर्यंतच्या जोडवाहिनीचा आणि चढउतार असेल तिथे पंपिंग स्टेशनचा खर्च बिल्डरने द्यावा, आणि तो एकेकाने वेगळी खोदाई करण्याऐवजी सगळ्यांनी मिळून. जुन्या गावकऱ्यांच्या घरांवर हा बोजा टाकू नये. माझ्यासारख्याला जोडणी हवी असेल तर शहरातला माणूस देतो तेवढंच शुल्क मी देईन, दुप्पट नाही.

चेंबर तुंबला तर कुणाला फोन करायचा, ते एका नावाने लिहा. एकाच. पावसात मध्यरात्री मैला रस्त्यावर आल्यावर हद्द कुणाची हे मोजत बसायला कुणाला वेळ नसतो.

या करारामुळे गाव पालिकेत विलीन होणार नाही, आणि ग्रामसभेच्या मंजुरीवाचून करारात बदल होणार नाही, हे स्वच्छ शब्दांत हवं. त्याशिवाय आमच्या गावातला एकही माणूस हात वर करणार नाही, मीसुद्धा नाही.

वाहिनीला प्रत्यक्ष जोडणी झाल्याशिवाय भोगवटा दाखला देऊ नका. "जोडणी प्रस्तावित" या दोन शब्दांवर दिलेला दाखला मला चालणार नाही. रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण, त्याच्या नोंदणीतही जोडणीचा कागद लावायला सांगा, म्हणजे घर घेणाऱ्याला पैसे देण्याआधी दिसेल.

ज्या वसाहती उभ्या राहून चुकल्या, त्यांच्यासाठी मुदत ठरवा. तोवर प्रत्येक टँकरची फेरी आणि प्रक्रिया प्रकल्पाची पावती, दोन्ही पंचायतीत जमा. पावती नाही तर त्या टँकरवाल्याला पुन्हा गावात काम नाही. आणि उताराखालच्या घरांच्या विहिरी पावसाआधी आणि पावसानंतर फुकट तपासा. अहवाल घरमालकाला द्या, फाइलीत ठेवू नका.

करार झाला की तो मराठीत आणि कोकणीत पंचायतीच्या आणि पालिकेच्या फलकावर लावा.

आमच्या उताराचा नकाशा मी काढून ठेवला आहे: घरं, विहिरी, वसाहत, ओहोळ आणि रस्त्यापलीकडच्या चेंबरच्या जागा. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडणार आहे, आणि नकाशाची एक प्रत पालिकेच्या आवक विभागात देऊन पोच घेणार आहे. सरपंचांना विनंती, की त्या सभेला पालिकेच्या अभियंत्याला आणि मलनिस्सारणाच्या अधिकाऱ्याला रीतसर पत्र पाठवून बोलवावं. नगराध्यक्षांना विनंती, की त्यांना पाठवावं. बसायला जागा कमी पडली तर आमचं अंगण मोठं आहे, आणि तिथून सगळंच समोर दिसतं.

आपला,
शिवेवरचा एक रहिवासी